बाटली दवाखान्यात, मी घरात

हे मी बायांसाठी लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी चालेल. आमच्या घरच्या पुरुषाने आधीच वाचलं आणि दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "हे बी लिहा लागते काय?" ती दोन्ही ठिकाणं मी तशीच ठेवली आहेत.

मी बोरी अरबला मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मला याद्या करायची सवय आहे. बाजाराआधी यादी, पाहुण्यांआधी यादी, सुट्टी लागली की घरातल्या कामांची यादी. माझी मुलगी कमल म्हणते, "माय मराची बी यादी करून ठेवन, अन् त्यातलं एक काम राह्यलं म्हनून परत येईन." एकसष्ट साली मी खरोखर मरायच्या बेताला आले होते आणि त्या वेळी माझ्याजवळ यादी नव्हती. आजारपण ही एकच गोष्ट मी यादीशिवाय केली आणि तीच अंगाशी आली.

डॉक्टर वाईट नव्हते. औषध मिळत नव्हतं असंही नाही. जे सांगायचं होतं त्याला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते अर्धं मिनिट मी आठ महिने लांबवलं.

बाटलीचा प्रवास

त्रेचाळिसाव्या वर्षी, होळीच्या सुमाराला, माझी पाळी बिघडली. आधी आठ दिवस, मग बारा, मग महिन्यातले कोरडे दिवसच थोडे उरले. मी स्वतःची समजूत घातली की वय झालं, या वयात सगळ्यांचं असंच होतं. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आईला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घराण्यातला हाच काय तो वारसा.

यजमानांना मी एवढंच म्हटलं, "अशक्तपणा वाटते." त्यांचं मोटार स्टँडवर शिवणकामाचं दुकान आहे. औषध आणायची आमच्याकडे रीत ठरलेली होती. दारव्ह्याला एक डॉक्टर होते, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्याकडचं मिक्स्चर हवं तर बाटली घरून न्यायची. कंपाउंडर ती भरतो आणि वर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवतो. पट्टीच्या एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत एक डोस. पहिल्यांदा यजमान जाऊन सांगून आले. एकदा औषध सुरू झालं की माणसाने जायची गरज नसते, बाटली गेली की झालं. यजमान सकाळी रिकामी बाटली मोटारीच्या कंडक्टरच्या हातात देत आणि सांगत, "अशक्तपनाची हाय, भाऊ." दुपारच्या मोटारीने ती लाल औषधाने भरून परत येई.

आठ महिने माझी बाटली दारव्ह्याला जात होती. मी एकदाही गेले नव्हते. डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलेलं नव्हतं. एकदा वाटेत बाटलीचं बूच पडलं, तेव्हा कंपाउंडरचा निरोप आला, "बाईले म्हना, बूच नीट लावत जा." माझ्या दुखण्याबद्दल दवाखान्यातून आठ महिन्यांत आलेली ती एकमेव सूचना.

औषध चांगलंच असणार. पण एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने सांडायचं, असं चाललं होतं.

हमीदाबी

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मी खुर्चीवर बसूनच शिकवू लागले होते. एक दिवस फळ्यावर सतराचा पाढा लिहायला उठले. सतरा सत्ते लिहिलेलं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते मुलींचं रडणं आणि माझ्या गालाखालची गार फरशी.

मला घरी आणलं तेव्हा शेजारची हमीदाबी धावत आली. तिचा नवरा आमच्या दुकानाशेजारी सायकली दुरुस्त करतो. तिने मला लिंबाचं पाणी पाजलं आणि पेला धुवायला मागच्या अंगणात गेली. तिथे दोरीवर लुगडं वाळत होतं. लुगड्याखाली काय वाळत घालतात ते बायांना सांगायला नको. हमीदाबीने लुगडं उचलून पाहिलं आणि तशीच आत आली.

"बाई, वो सब तुम्हारे अकेले के हैं?"

मी मान हलवली.

"कबसे?"

"होळीपासून."

"या अल्ला! अन् डॉक्टर काय म्हनते?"

"डॉक्टरकडं बाटली जाते."

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बाटली जाते, त मंग बाटलीच बरी होईन ना. तू काहून होशीन?"

मला हसू आलं. हसता हसता धाप लागली आणि ती थांबेना. त्या दिवशी पहिल्यांदा मी घाबरले.

हमीदाबीने माझी पाठ चोळली, पण तोंड थांबवलं नाही. "घरातले सारे देव पोत्यात भरून तूच नदीत सोडले ना? सारा गाव देख रहा था. तवा नाई भेली. अन् आता एका डॉक्टरले भेतं?"

तिचं म्हणणं खरं होतं. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हा देव्हारा रिकामा करताना मी कोणाला विचारलं नव्हतं. त्याआधी, पहिल्या नोकरीच्या गावी, माझ्यासाठी वेगळा ठेवलेला पाण्याचा पेला मी तपासणीला आलेल्या साहेबांसमोर खिडकीबाहेर भिरकावला होता. अशी मी बाई. आणि मला 'रक्त जातं' हे दोन शब्द उच्चारता येत नव्हते.

पहिली फेरी

दुसऱ्या दिवशी यजमानांनी दुकान बंद ठेवलं आणि मला दारव्ह्याला नेलं. कापसाच्या बंड्यांनी रस्ता भरला होता, मोटार रखडत गेली. दवाखान्यात दोन बाकं, एक बायांचं, एक पुरुषांचं. पण नंबर जवळ आला की सगळेच डॉक्टरांच्या टेबलाभोवती गोळा होत. एकाचं सांगून होईपर्यंत दुसरा त्याच स्टुलाच्या कडेवर टेकलेला.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी यजमानांना विचारलं, "काय त्रास आहे?"

"अशक्तपना हाय साहेब. तुमचंच औषध चालू हाय."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त फार कमी आहे. औषध बदलून देतो. खजूर द्या, पालेभाजी द्या. चला, पुढे."

झालं. पेन्सिलीला टोक करायला याहून जास्त वेळ लागतो. मी एक अक्षर बोलले नाही. बाटलीचं बूच तरी तिथे उघडत, मी तर तोंडाला बूच लावून गेले आणि तशीच परत आले.

परतीच्या मोटारीत मला राग आला. कोणाकोणाचा, याची मनात यादी केली. पहिले डॉक्टर, दुसरे यजमान. बोरी गावची झाडं दिसू लागली तेव्हा तिसरं नाव सापडलं. ते माझं होतं आणि ते वर घ्यायला हवं होतं.

कागद

ती फेरी अगदीच वाया गेली नाही. बाकावर बसून दोन तास मी तोच धंदा केला होता जो वर्गात करते: कोण काय चुकतं ते पाहणं.

डॉक्टर पहिल्या वाक्याला ऐकतात. दुसऱ्या वाक्याला त्यांचं पेन चालू लागतं. तिसऱ्या वाक्यापर्यंत औषध ठरलेलं असतं. म्हणून जे सर्वांत भीतीचं आहे ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. आणि आपण करतो काय? एक म्हातारा दाढ दुखते म्हणून आला होता, त्याने सुरुवात पुतण्याच्या लग्नापासून केली. बाया तर त्याहून वाईट. डोकं दुखते, भूक नाही, असं काहीतरी सांगून उठतात, चिठ्ठी घेतात, दारापर्यंत जातात आणि उंबरठ्यावरून मागे वळून म्हणतात, "अन् साहेब, एक सांगाचं राह्यलं." तोवर स्टुलावर दुसरा बसलेला असतो. जे सांगायला ती दहा कोस चालून आली ते उंबरठ्यावरच राहतं.

घरी येऊन मी वहीचं पान फाडलं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा पान दोन्ही बाजूंनी भरलं. लग्नापासूनची सगळी दुखणी त्यात आली होती. मग मुलींचे निबंध तपासते तशी लाल पेन्सिल घेतली. डोकेदुखी खोडली. गुडघे खोडले. 'फार', 'लई', 'कधीकधी' असे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी दिवस लिहिले, कारण माझं 'फार' आणि डॉक्टरांचं 'फार' एक नाही. शेवटी चार ओळी उरल्या:

आठ महिने झाले, पाळीचं रक्त थांबत नाही. महिन्यातले वीस-बावीस दिवस जातं.
दिवसाला दहा-बारा कपडे लागतात. गाठी पडतात.
वर्गात शुद्ध हरपून पडले. दहा पावलं चाललं की धाप लागते.
अशक्तपणाचं औषध आठ महिने घेतलं, गुण नाही. तपासून पाहा.

मग तोंडाने म्हणायचा सराव. लिहिणं सोपं, म्हणणं कठीण. चुलीशी भाकरी थापत असलेली कमल म्हणाली, "माय, कविता पाठ करून राह्यली काय?" मी म्हटलं, "हो, ऐक." आणि चारही ओळी तिला म्हणून दाखवल्या. तव्यावरची भाकरी जळाली. कमल सतरा वर्षांची होती. ती एवढंच म्हणाली, "मले बी नाई सांगतलं तू."

तेव्हा मला कळलं की मी आईचा वारसा पुढे चालवायच्या तयारीत होते.

दुसरी फेरी

आठवड्याच्या आत पुन्हा गेलो. या वेळी स्टुलावर बसल्याबरोबर यजमानांनी तोंड उघडायच्या आत मी कागद पुढे केला. डॉक्टर आधीच्या माणसाची चिठ्ठी पुरी करत होते. शेजारी उभ्या कंपाउंडरला वाटलं, जुनी चिठ्ठी असेल. त्याने तो कागद घेतला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागला:

"आठ महिने झाले, पाळीचं..."

तो थांबला. दवाखाना थांबला. टेबलाभोवती सात-आठ पुरुष उभे होते. कंपाउंडर कानापर्यंत लाल झाला आणि विस्तव धरल्यासारखा त्याने कागद माझ्याकडे परत केला. यजमान भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघू लागले.

दोन वाटा होत्या. कागद घडी करून उठायचं किंवा उरलेलं वाचायचं. मी उभी राहिले, कारण वाचून दाखवायचं ते उभं राहूनच, अशी सवय आहे. आणि चौथी इयत्ता ऐकेल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. 'तपासून पाहा' यावर आवाज थोडा फाटला. बाकी ठीक झालं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही. अर्धी अर्धी चूक."

मागून कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, यजमानांनाही. आतून नर्सबाईंना बोलावलं. तपासणी झाली. हात धुता धुता डॉक्टर दाराकडे निघाले आणि म्हणाले, "तुमच्या मालकांशी बोलतो."

"साहेब, पोट माझं आहे. इथेच सांगा. त्यांनाही आत बोलवा, दोघं मिळून ऐकतो."

त्यांनी दार उघडून यजमानांना आत बोलावलं. मग परत येऊन खुर्चीवर बसले. गर्भाशयात मोठी गाठ आहे, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात उद्याच जायचं, बहुतेक ऑपरेशन, अजून महिनाभर असंच गेलं तर ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचायलाही रक्त उरणार नाही. मी त्यांचं बोलणं त्यांनाच परत म्हणून दाखवलं, कुठे जायचं, कोणाला भेटायचं, कोणतं औषध बंद करायचं. एका ठिकाणी मी चुकले होते, त्यांनी दुरुस्त केलं. मुलींकडून पाठ म्हणून घेतल्याशिवाय मी त्यांना घरी सोडत नाही. डॉक्टरांपुढून उठतानाही तोच नियम ठेवावा.

त्या दिवशी त्या स्टुलावर मी फार वेळ बसले असेन असं वाटतं, पण तसं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवेपर्यंत लागलेला वेळ जवळजवळ पहिल्या फेरीएवढाच होता. त्यात भरलेलं वेगळं होतं.

घरी येऊन चप्पल काढता काढता यजमान म्हणाले, "चार लोकांत मान खाली घालाले लावली तू."

"अजी, आठ महिने मह्या जागी तुमीच बोलले. काय बोलले? अशक्तपना."

"तूच त तसं सांगतलं होतं मले!"

हेही खरं होतं. मग ते स्वतःच म्हणाले, "गाठ म्हनजे... थेच काय?" तो शब्द त्यांनाही उच्चारता आला नाही. मी म्हटलं, "माहीत नाही. विचारू." त्यांनी माझी पेटी माळ्यावरून काढली आणि तिचं कुलूप तेल घालून साफ करत बसले. कुलपाला तेलाची काही गरज नव्हती.

यवतमाळ

मोठ्या दवाखान्याचा दिवस झाडूवालीच्या आवाजाने सुरू होई. मग थर्मामीटर, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. मागच्या आवारात नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली. कमल तिथे खिचडी शिजवायची आणि धुराने लाल झालेले डोळे घेऊन वर यायची. ते डोळे धुरानेच लाल आहेत, असं आम्ही दोघी धरून चालायचो.

माझ्या शेजारच्या खाटेवर केळापूरकडची एक कोलाम आदिवासी बाई होती. तिला मराठी थोडं येई. डॉक्टर काही विचारत, ती सगळ्याला "हो" म्हणे. पोट दुखतं? हो. बरं वाटतं? हो. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, तिला विचारू नका, दाखवायला सांगा. तिने बरगडीखाली, पार वेगळ्याच जागी बोट ठेवलं. त्यानंतर माझ्या उशाशी रोज सकाळी तिने पाण्याचा तांब्या भरून ठेवला, मी उठू शकत नव्हते म्हणून. कोणाचा तांब्या कोणी भरावा हे विचारणारं त्या दोन खाटांमध्ये कोणी नव्हतं.

रक्त द्यायला यजमान तयार झाले. जाड कापडातून सुई पार करणारा माणूस, पण ती सुई पाहून चक्कर येऊन पडला. नर्सबाईंनी चहा पाजला. ते उठले आणि दुसऱ्यांदा आडवे झाले. तेव्हा दिलं. मी हे लिहिते आहे, कारण त्यांनी बोट ठेवलेल्या दोन ठिकाणांपैकी हे एक; दुसरं कॅलेंडरचं.

ऑपरेशनच्या आधी लेडी डॉक्टर आल्या. नागपूरकडच्या, पस्तिशीच्या, घाईत. माझा कागद तयार होता, या वेळी तीनच ओळी. पहिली: कॅन्सर आहे का?

"ते आम्ही तुमच्या मिस्टरांशी बोलू, बाई. तुम्ही काळजी करू नका."

"काळजी मीच करणार आहे. नीट करता यावी म्हणून विचारते."

त्या हसल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "पाहून साधी वाटते. पण खात्रीने सांगत नाही. काढल्यावर तुकडा नागपूरला तपासायला पाठवू. तीन आठवडे लागतील."

"उत्तर आलं की मराठीत लिहून कळवाल? माझ्या नावाने."

"तुमच्या नावाने," त्या म्हणाल्या आणि खरोखर वहीत लिहून घेतलं.

मग संमतीचा फॉर्म आला. सहीची जागा नवऱ्यासाठी होती. यजमानांनी सही केली. खाली बोटभर कोरा कागद होता, तिथे मीही केली. कारकून म्हणाला, "तुमची नको." मी म्हटलं, "असू द्या. जागा आहे."

टेबलावर झोपल्यावर भीती वाटली का? वाटली. दात वाजत होते. जिद्द म्हणजे दात न वाजणं, असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही.

लिफाफा

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाल्यावर मी बोरीला परत आले. भिंत धरून अंगणापर्यंत जाता येऊ लागलं. पण ते तीन आठवडे आमचं घर अर्धवट शिवलेल्या कापडासारखं टाचणीवर होतं. गाठ निघाली होती, पण तिचं नाव अजून कळलं नव्हतं. कमल पुस्तक उघडून एकाच पानावर बसे. यजमान दुकानातून दिवसातून तीनदा घरी येत, काहीतरी विसरलं म्हणून. मी पुढच्या वर्षाच्या दोन याद्या केल्या. एक मी असेन तर, एक मी नसेन तर. दुसरीत कमलचं शिक्षण पहिल्या ओळीत होतं.

त्या दिवशी दुपारी यजमान आले ते पळतच. गळ्यात टेप, छातीवर टाचण्या, दोरे लागलेले. कोणाचातरी अर्धा सदरा मशीनखाली सोडून आले होते.

"पोस्टमननं दुकानात देल्लं," ते म्हणाले आणि लिफाफा पुढे केला.

लिफाफ्यावर माझं नाव होतं. चिकटवलेली कड तशीच होती. त्यांच्या अंगठ्याच्या घामाने एक कोपरा मात्र ओला झाला होता. स्टँडपासून घरापर्यंत पाव कोस रस्ता आहे. मी विचारलं, "तुमी उघडलं नाई?"

"तुह्या पोटातलं हाय. तूच वाच."

दाराशी कमल उभी होती. कुंपणाजवळ हमीदाबी, हातात पिठाची परात. मी कड फाडली. चार ओळींचं पत्र होतं, मराठीत, अक्षर डॉक्टरचं असूनही वाचता येईल असं. आधी मनात वाचलं. मग भिंतीवरचा हात काढून सरळ उभी राहिले.

"गर्भाशयातली गाठ साधी होती. कॅन्सर नाही. एक महिना जड उचलू नये. नंतर शाळेत जाण्यास हरकत नाही."

यजमान उंबऱ्यावर बसले. टेप हातात गुंडाळत, खाली बघत म्हणाले, "अजून एकडाव वाच."

मी पुन्हा वाचलं. या वेळी गर्भाशयापासून शाळेपर्यंत एकेक शब्द, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.